आलेखातलं ‘गडहिंग्लज’ का फुटतं? आलेख बाहेर काढताना येणाऱ्या फॉन्टच्या अडचणी आणि त्यांची दुरुस्ती

समजा, राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पाणीपातळीचा आलेख काढायचा आहे. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर फूट, ३९ फुटांवर इशारा पातळीची रेघ, ४३ फुटांवर धोका पातळीची. शेजारी कोल्हापूर जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांच्या पावसाचे स्तंभ. आकडे बरोबर, रंग बरोबर. पण पीडीएफ काढली की शिरोळच्या जागी चौकोन, गडहिंग्लजची मोडतोड, आणि तीच फाइल प्रेसमध्ये उघडली की तिसरंच काहीतरी. यावर मिळणारा सल्ला ठरलेला असतो: ‘फॉन्ट बदलून बघा.’ कधी तो लागू पडतो, बऱ्याचदा नाही. कारण ‘फॉन्टची अडचण’ या एका नावाखाली पाच वेगवेगळे बिघाड येतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. कुठला बिघाड आहे हे आधी ओळखायचं, मगच सेटिंगला हात लावायचा.

(आज्ञा आणि सेटिंगची नावं इथं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, टिंब आणि अधोरेषेसकट लिहायची.)

आधी निदान

अक्षराच्या जागी रिकामा चौकोन आला, तर निवडलेल्या फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही. टिंबांची ओळ आली, तर अक्षर फॉन्टपर्यंत पोचलंच नाही, आधीच संकेतनाच्या (अक्षराचे आकड्यांत रूपांतर करण्याच्या) पायरीवर अडलं. अक्षरं सगळी आहेत, पण पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे गेली आहे, जोडाक्षरात पाय मोडलेला उघडा दिसतो आहे, रफार खाली उतरला आहे, तर फॉन्ट निर्दोष आहे. अक्षरं जुळवणारं इंजिनच त्या प्रोग्रॅममध्ये नाही. आपल्या संगणकावर चांगलं दिसतं आणि दुसरीकडे बिघडतं, तर फॉन्ट फाइलमध्ये बसवलेला नाही. पाचवा प्रकार फार साधा आणि फार वेळा होणारा: सगळं नीट आहे, पण छापल्यावर आकडे मुंगीएवढे.

चाचणीसाठी ‘कखग’ लिहून उपयोग नाही, ते कुठंही नीट येतं. एका ओळीत ‘गडहिंग्लज, शिरोळ, पन्हाळा, पर्जन्यमान, वाऱ्याचा वेग’ एवढं टाका. गडहिंग्लजमध्ये वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर एकापाठोपाठ येतात. पर्जन्यमानात रफार आहे. आणि ‘वाऱ्याचा’मधला ऱ्य हिंदीपुरतीच चाचणी झालेल्या व्यवस्थेत हमखास उघडा पडतो. ही ओळ नीट आली की बाराही तालुक्यांची नावं नीट येतील असं समजायला हरकत नाही.

मॅटप्लॉटलिब: चौकोन घालवणं सोपं, पुढचं अवघड

मॅटप्लॉटलिब म्हणजे पायथनमध्ये आलेख काढायचं साधन. त्याचा मूळ फॉन्ट देजाव्यू सॅन्स. त्यात देवनागरी नाही, म्हणून चौकोन येतात आणि टर्मिनलवर ‘ग्लिफ (अक्षराकृती) २३५८ मिसिंग’ अशा अर्थाचा इशारा येतो. तो आकडा वाचायला शिका, निम्मं काम होतं. २३०४ ते २४३१ मधला आकडा म्हणजे देवनागरी (२३५८ म्हणजे श, २३२५ म्हणजे क). ८३७७ म्हणजे रुपयाचं चिन्ह. ८७२२ म्हणजे वजाचं चिन्ह, त्याबद्दल पुढं.

फॉन्ट बसवताना तीन गोष्टी सांभाळायच्या. गूगल फॉन्ट्सवरून नोटो सॅन्स देवनागरी उतरवला, तर झिपमध्ये वरच एक व्हेरिएबल फॉन्टची (सगळे जाडपणा एकाच फाइलमध्ये असलेली) फाइल असते आणि आत ‘स्टॅटिक’ नावाचा फोल्डर असतो. फाइल स्टॅटिकमधलीच घ्यायची. मॅटप्लॉटलिबला व्हेरिएबल फॉन्टचे वेगवेगळे जाडपणा ओळखता येत नाहीत, त्यामुळं ठळक अक्षर मागितलं तरी साधंच मिळतं. दुसरं, विंडोजवर उजवी कळ दाबून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ निवडा. नुसत्या इन्स्टॉलने फॉन्ट फक्त तुमच्या खात्यात बसतो आणि काही प्रोग्रॅमना तो सापडत नाही. तिसरं, मॅटप्लॉटलिब फॉन्टची यादी एकदाच बनवून साठवून ठेवतो. नवा फॉन्ट टाकूनही ‘फाइंडफॉन्ट: फॉन्ट फॅमिली नॉट फाउंड’ येत राहिलं, तर ‘गेट_कॅशेडिर’ ही आज्ञा जो फोल्डर दाखवेल त्यातली ‘फॉन्टलिस्ट’ने सुरू होणारी फाइल पुसा आणि पायथन पुन्हा सुरू करा. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा सर्व्हरवर फॉन्ट बसवायची परवानगी नसेल, तर फॉन्टची फाइल प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवून ‘फॉन्टमॅनेजर.ॲडफॉन्ट’ला तिचा पत्ता द्यायचा.

आवृत्ती ३.६ किंवा पुढची असेल, तर ‘फॉन्ट.फॅमिली’मध्ये दोन नावांची यादी देता येते: आधी एरियल किंवा देजाव्यू, मग नोटो सॅन्स देवनागरी. पहिल्यात अक्षर नसेल तर दुसऱ्यातून घेतलं जातं. इंग्रजी आणि मराठी एकाच लेबलात असेल तर हे फार सोयीचं.

एवढं केलं की चौकोन जातात, इशाराही जातो. आणि इथंच बहुतेक जण फसतात. इशारा फक्त ‘अक्षर नाही’ एवढ्यासाठी असतो. अक्षर मिळालं की मॅटप्लॉटलिब गप्प बसतो. पण निदान ३.१० पर्यंतच्या आवृत्त्यांत तो अक्षरं एकापुढं एक नुसती मांडत जातो. टंकलेखनाच्या क्रमात श आधी आणि वेलांटी नंतर असते, म्हणून शिरोळमधली वेलांटी श आणि र यांच्या मध्ये जाऊन बसते. पन्हाळ्यातला न पाय मोडून उभा राहतो. मुक्ता लावा, मंगल लावा, आणखी पंधरा फॉन्ट उतरवा, फरक पडणार नाही. वेलांटी अलीकडं नेणं आणि जोडाक्षर बांधणं हे हार्फबझसारख्या जुळणी इंजिनाचं काम, आणि ते या वाटेवर नाही. त्यामुळं जुळणी दुसऱ्याकडून करून घ्यायची. दोन वाटा भरवशाच्या आहेत.

वाट पहिली: एसव्हीजी आणि इंकस्केप

एसव्हीजी हा रेषाचित्रांच्या फाइलचा प्रकार, इंकस्केप ती चित्रं उघडून दुरुस्त करायचा प्रोग्रॅम. एकदोन आलेख असतील तर हीच वाट धरा.

१. ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ची किंमत ‘नन’ करा, अवतरणचिन्हात, म्हणजे शब्द म्हणून. मूळ किंमत ‘पाथ’ असते. तीत प्रत्येक अक्षराची रेषाकृती होऊन जाते, म्हणजे मोडलेलं अक्षर मोडलेलंच गोठतं. ‘नन’ केल्यावर फाइलमध्ये मजकूर मजकूर म्हणूनच राहतो.

२. ‘सेव्हफिग’ या साठवायच्या आज्ञेने एसव्हीजी काढा. फॉन्टचं नाव फाइलमध्ये लिहिलं जातं, फॉन्ट नाही. म्हणून तोच फॉन्ट संगणकावर बसवलेला हवा.

३. फाइल इंकस्केपमध्ये उघडा. इंकस्केप पँगो (मजकूर मांडणारी व्यवस्था) आणि हार्फबझ वापरतं, त्यामुळं गडहिंग्लज उघडतानाच सरळ झालेलं दिसतं. नाही दिसलं तर मजकुरावर क्लिक करून वर कुठल्या फॉन्टचं नाव येतं ते पाहा.

४. ‘सेव्ह अ कॉपी’मधून पीडीएफ निवडा. पुढच्या खिडकीत मजकुराचे तीन पर्याय येतात: फॉन्ट बसवा, मजकुराचे पाथ करा, किंवा मजकूर वगळून लाटेकसाठी (प्रबंधाची पानं जुळवणाऱ्या व्यवस्थेसाठी) वेगळी फाइल करा. प्रबंधात घालायचं असेल तर पहिला, प्रेसला द्यायचं असेल तर दुसरा. तिसरा चुकून निवडला की अक्षरंच नसलेली पीडीएफ हातात येते.

एक बारीक गोष्ट. आलेखाची मांडणी मॅटप्लॉटलिबने न जुळलेल्या अक्षरांची रुंदी मोजून केलेली असते. जुळल्यावर शब्द आखूड होतात, म्हणून सूचीची चौकट उजवीकडं थोडी रिकामी दिसते. इंकस्केपमध्ये चौकट हातानं आत ओढा, किंवा सूचीची चौकट मुळातच बंद ठेवा. दुसरा उपाय जास्त सुटसुटीत, आणि दिसतोही बरा.

आलेख तीस-चाळीस असतील तर इंकस्केप टर्मिनलवरूनही चालतं. ‘एक्स्पोर्ट-टाइप’ला पीडीएफ आणि हवं तर ‘एक्स्पोर्ट-टेक्स्ट-टू-पाथ’ असे पर्याय देऊन सगळा फोल्डर एका फटक्यात काढता येतो.

वाट दुसरी: पीजीएफ आणि झीलाटेक

प्रबंध लाटेकमध्ये लिहीत असाल तर आलेखातली अक्षरं आणि पानावरची अक्षरं एकाच फॉन्टची हवीत. त्यासाठी मॅटप्लॉटलिबचा पीजीएफ बॅकएंड वापरायचा, म्हणजे आलेखातली अक्षरं लाटेककडून जुळवून घ्यायची. झीलाटेक, लुआलाटेक आणि पीडीएफलाटेक ही लाटेकचीच वेगवेगळी इंजिनं. ‘पीजीएफ.टेक्ससिस्टिम’ झीलाटेक ठेवा, ‘पीजीएफ.आरसीफॉन्ट्स’ फॉल्स करा, आणि ‘पीजीएफ.प्रीॲम्बल’मध्ये फॉन्टस्पेक पॅकेज घेऊन मुख्य फॉन्ट नोटो सेरिफ देवनागरी लिहा. तिथं चौकोनी कंसात स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी हे दोन्ही लिहायचं. स्क्रिप्ट विसरलात तर वेलांटी पुन्हा भलत्याच जागी. लँग्वेज लिहिल्याचा फायदा फॉन्टवर अवलंबून असतो: काही फॉन्टांत ल आणि श यांचे मराठी वळणाचे आकार वेगळे ठेवलेले असतात आणि भाषा सांगितली तरच ते बाहेर येतात. हे आकार हवेच असतील तर ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट मराठीसाठीच केलेला आहे.

मग ‘सेव्हफिग’ला बॅकएंड पीजीएफ सांगून पीडीएफ काढा. दर वेळी मागे लाटेक चालत असल्यामुळं वेळ लागतो, त्यात गैर काही नाही. झीलाटेकऐवजी लुआलाटेक वापरत असाल तर फॉन्टच्या कंसात रेंडरर हार्फबझ हेही घाला. पीडीएफलाटेक मात्र या कामाचं नाही.

मॅटलॅब

मॅटलॅब या गणनाच्या प्रोग्रॅममध्ये निम्म्या तक्रारींचं मूळ फॉन्टपेक्षा ‘इंटरप्रिटर’मध्ये, म्हणजे लेबलाचा मजकूर कसा वाचायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये सापडतं. मूळ इंटरप्रिटर ‘टेक’ असतो, म्हणून ‘कागल_२०२१’ असं नाव दिलं की अधोरेषेच्या पुढचं अक्षर खाली उतरतं. तिथं इंटरप्रिटर ‘नन’ करा. आणि ‘लाटेक’ केला की तुम्ही दिलेलं फॉन्टचं नाव बाजूला पडतं आणि कॉम्प्युटर मॉडर्नची अक्षरं येतात. लेबल, अक्षावरचे आकडे आणि सूची या तिघांचे इंटरप्रिटर वेगळे असतात. आकड्यांसाठी ‘टिकलेबलइंटरप्रिटर’ आहे, तो बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. म्हणून लेबल एका फॉन्टात आणि आकडे दुसऱ्यात असे आलेख दिसतात.

बाहेर काढण्यासाठी आवृत्ती आर२०२०ए पासून ‘एक्स्पोर्टग्राफिक्स’ आहे. त्यात ‘कंटेंटटाइप’ला ‘व्हेक्टर’ असं स्पष्ट लिहा. ‘ऑटो’वर सोडलं आणि आलेखात बिंदू फार असले, तर मॅटलॅब स्वतःच ठिपक्यांचं चित्र काढून मोकळा होतो, मग अक्षरं झूम केली की भुरकट दिसतात आणि पीडीएफमध्ये फॉन्ट शोधून सापडत नाही. ‘लिस्टफॉन्ट्स’ ही आज्ञा मॅटलॅबला कुठले फॉन्ट दिसतात ते सांगते. नाव त्या यादीत आहे तसंच लिहायचं. मराठी लेबल असेल तर खिडकीत नीट दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. चाचणीची ओळ पीडीएफ आणि ३०० डीपीआयची पीएनजी अशा दोन्हींत काढून शेजारी शेजारी ठेवून बघा.

आकाराबाबत एक खोड: ‘फॉन्टसाइझ’ १० दिला तरी शीर्षक आणि अक्षांची लेबलं ११ ची येतात, कारण दोन्हींचा गुणक मूळचा १.१ असतो. सगळं एकसारखं हवं तर तो गुणक १ करा.

आर आणि ग्नूप्लॉट

आर ही संख्याशास्त्राची भाषा, ग्नूप्लॉट हा आलेख काढायचा प्रोग्रॅम. आरमधलं साधं ‘पीडीएफ’ डिव्हाइस (फाइल बाहेर काढणारा भाग) मराठीसाठी निरुपयोगी. ते एका बाइटाच्या संकेतनात लिहितं, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं. म्हणून जुन्या आवृत्त्यांत ‘पन्हाळा’ लिहिलं की सात चिन्हांची एकवीस टिंबं पडतात आणि ‘डॉट सब्स्टिट्यूटेड फॉर ई०’ असा इशारा येतो. शिवाय हे डिव्हाइस हेल्व्हेटिका फाइलमध्ये बसवत नाही, त्यामुळं इंग्रजी आलेखही प्रेसकडून परत येतो. लिनक्सवर ‘कैरो_पीडीएफ’ वापरा, तिथं मजकूर पँगोकडून जातो. विंडोजवर मात्र ‘रॅग’ पॅकेजचं ‘एजीजी_पीएनजी’ बरं, त्यात जुळणी नीट होते. ‘शोटेक्स्ट’ची शिफारस फार होते; फॉन्ट मिळवायला ते छान, पण जोडाक्षरं ते बांधत नाही.

ग्नूप्लॉट दिसायला जुनाट, पण या बाबतीत सगळ्यांत कमी त्रासाचा. टर्मिनल ‘पीडीएफकैरो’, फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी १०, आकार सेंटिमीटरमध्ये, एन्कोडिंग यूटीएफ-८. एवढ्यात मराठी बरोबर येतं. नुसता पाणीपातळीचा रेषालेखच हवा असेल तर पायथनशी झटापट कशाला?

चिन्हांचे छोटे चोर

अक्षरं जुळली तरी चिन्हं राहतात. तापमानाच्या आलेखात शून्याखालचे आकडे असतील आणि वजाच्या जागी चौकोन आला, तर फॉन्टमध्ये गणिती वजाचं चिन्ह नाही. ‘ॲक्सेस.युनिकोड_मायनस’ फॉल्स केलं की साधी आडवी रेघ येते. गुळाच्या दराच्या आलेखात रुपयाचं चिन्ह चौकोनी आलं तर फॉन्ट जुना आहे. हे चिन्ह ठरलं २०१० साली, त्याआधीच्या फॉन्टांत ते असणार कुठून? शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीच्या अहवालात अंश सेल्सिअस लिहिताना अंशाचं चिन्ह खरं वापरा. वर चढवलेलं शून्य किंवा इंग्रजी ओ स्क्रीनवर चालून जातं, छापल्यावर लंबगोल दिसतो. आणि मॅटप्लॉटलिबमध्ये सूत्रांचा फॉन्ट वेगळा ठरतो. लेबलं टाइम्समध्ये असतील तर ‘मॅथटेक्स्ट.फॉन्टसेट’ला ‘स्टिक्स’ द्या, नाहीतर सूत्रं देजाव्यूमध्येच राहतील.

आकार: काढतानाच अंतिम मापात

मॅटप्लॉटलिबची मूळ आकृती ६.४ इंच रुंद. तीत १० पॉइंटची अक्षरं, आणि नियतकालिकाचा स्तंभ ३.५ इंचांचा. आकृती स्तंभात बसवली की अक्षर उरतं ५.५ पॉइंटांचं. इंग्रजी कसंबसं वाचता येतं. मराठीत मात्र वर मात्रा, खाली उकार असल्यानं त्या मापाला गिचका होतो. मराठी लेबल अंतिम छपाईत ८ पॉइंटांच्या खाली नेऊ नका, ९ असेल तर उत्तम.

म्हणून आधी पान मोजा. ए४ कागदावर डावीकडं ४ आणि उजवीकडं २.५ सेंटिमीटर समास सोडला, तर मजकुराची रुंदी १४.५ सेंटिमीटर, म्हणजे ५.७ इंच. ‘फिगसाइझ’ तेवढाच द्या आणि लाटेकमध्ये आकृती घालताना रुंदी लिहूच नका. ‘बीबॉक्स_इंचेस’ला ‘टाइट’ देण्याची सवय असेल तर ती मोडा: कडेची पांढरी जागा कापली जाते आणि दर आलेखाची रुंदी वेगळी होते, मग ती पानात ताणली की अक्षरंही वेगवेगळ्या मापाची. त्याऐवजी ‘लेआउट’ला ‘कन्स्ट्रेन्ड’ द्या. पीएनजीच काढायची असेल तर ५.७ इंचाला ३०० डीपीआयने १७१० पिक्सेल. डीपीआय वाढवल्यानं अक्षर मोठं होत नाही, फक्त स्पष्ट होतं.

फॉन्ट आत बसला का?

पॉपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या साधनसंचातली ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा पीडीएफवर चालवा. ‘ईएमबी’च्या रकान्यात ‘नो’ असेल तर फॉन्ट आत नाही, दुसऱ्या संगणकावर तो बदलणार. ‘टाइप’च्या रकान्यात ‘टाइप ३’ दिसला तर तो मॅटप्लॉटलिबचा मूळ प्रकार. वाचायला अडत नाही, पण आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या तपासणीसारख्या ठिकाणी फाइल नाकारली जाते, आणि इलस्ट्रेटरमध्ये मजकूर मजकूर म्हणून हाताळता येत नाही. ‘पीडीएफ.फॉन्टटाइप’ ४२ करा, ईपीएस काढत असाल तर ‘पीएस.फॉन्टटाइप’ही ४२. यादी पूर्ण रिकामी आली तर मजकुराचे पाथ झाले आहेत किंवा आलेख चित्र बनला आहे. पाथ असतील तर चालेल. चित्र असेल तर मागे जाऊन शोधा.

प्रेसला देताना

स्मरणिका, अहवाल किंवा पोस्टर छापायला दिलं की डीटीपीवाला एकच सांगतो: ‘फॉन्ट कर्व्ह करून द्या,’ म्हणजे मजकुराचे पाथ करा. त्याचं बरोबर आहे. त्याच्या कोरलड्रॉ या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये पीडीएफ मजकूर म्हणून उघडली आणि तुमचा नोटो त्याच्याकडे नसला, तर जुळलेलं गडहिंग्लज तिथं पुन्हा फुटतं. इंकस्केपमधून पाथ करून काढा. तयार पीडीएफ असेल तर घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘पीडीएफराइट’ला ‘नोआउटपुटफॉन्ट्स’ पर्याय देऊन सगळा मजकूर कर्व्ह करता येतो. मजकूर असलेली मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा, कर्व्ह केल्यावर आकडा दुरुस्त करता येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना पीएनजी फोटो म्हणून टाकू नका, दाबली जाते आणि अक्षरांच्या कडा विरतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा.

आणि प्रेसवाल्यानं ‘लेबलं आम्ही श्रीलिपीत (मराठी टंकनाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये) पुन्हा टाइप करतो’ म्हटलं तर नको म्हणा. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप झालेली नावं नंतर कॉपी केली की रोमन चिन्हांचा कचरा निघतो, आणि हातानं टाइप करताना हातकणंगलेतला अनुस्वार उडाला तर तो कुणी तपासत नाही.